पुढचं चरण

कंदील दोराला बांधून पेवात सोडला, तेव्हा मी सूप हातात तसंच धरून पुढे झाले आणि वाकून बघू लागले. गडीमाणसं भोवती उभी होती. कंदील खाली खाली गेला आणि ज्योत बारीक झाली. आधी पिवळी होती, मग निळसर झाली, मग काच आहे की नाही इतपतच दिसू लागली. पण विझली नाही.

"तेल कमी असंल," गणू म्हणाला.

गणू पेवं उपसणाऱ्या आमच्याच टोळीतला, वयानं थोर माणूस. त्यानं तेल कमी म्हटल्यावर सगळ्यांना जरा बरं वाटलं.

सांगलीकडच्या नदीकाठच्या आमच्या गावात हळद जमिनीत ठेवायची रीत होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातला रांजणच. तोंड माणसाच्या खांद्यांएवढं आणि पोट असं की बैलगाडी जू सोडून आत उभी करावी. आतून पाचट लावायचं, हळद भरायची, तोंडावर फरशी टाकून मातीनं लिंपून घ्यायचं. मग ती हळद वर्षानुवर्षं राहते. कीड लागत नाही, रंग उलट चढतो. कीड का लागत नाही, ते माझे सासरे सांगायचे. आत हवाच उरत नाही, किड्यालाही श्वास नाही. म्हणून पेव उघडलं की आधी कंदील उतरायचा आणि मग माणूस. "ज्योत बसली की आपण बसायचं," असं ते म्हणत. म्हणजे ज्योत लहान झाली तरी पेवाच्या तोंडाशी मुकाट बसून राहायचं, हवा खेळू द्यायची. विझायची वाट बघायची नाही.

सासरे जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्यांची शिकवण सगळ्यांना पाठ होती, पण आता तिच्यात थोडी सूट आली होती. विझला तरच थांबायचं, असं झालं होतं.

वसंत दिवाणजी म्हणजे ज्यांची ही हळद त्या शेठचे कारभारी. रस्त्यावर ट्रक उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर मिनिटामिनिटाला हॉर्न वाजवत होता. दिवाणजींनी वाकून कंदील बघितला आणि विचारलं, "विझला नाही ना?"

"न्हाई इझला," रंगा म्हणाला. "म्हंजी देवानं हो म्हटलं." आणि हसत हसत त्यानं सदरा काढून माझ्याकडे टाकला. "वैनी, ह्यो संभाळा. हळदीचा डाग पडला तर तुमीच म्हनाल, कुठं लगीन लावून आला."

रंगा माझा धाकटा दीर. पेवात तोच उतरायचा, अंगानं सडपातळ म्हणून. आणि गळा असा की गावच्या भजनात तो उभा राहिला की आजारी माणूससुद्धा उठून बसावा. मला माहेरापासून कीर्तनाचं वेड. आईच्या मांडीवर बसून मी कीर्तनं ऐकली. सासरी आल्यावर कुणाशी जुळेल की नाही ही धाकधूक होती, ती या पोरामुळे पहिल्याच आठवड्यात गेली. रात्री जेवताना तो विचारायचा, "वैनी, बुवांनी आज चाल कुठं बदलली?" आणि मी बरोबर सांगितलं की भाकरीचा तुकडा हातात धरूनच वाहवा करायचा.

पेवात उतरणाऱ्यानं आवाज देत राहायचा, ही आमच्या कामाची रीत होती. खालचा माणूस दिसत नाही, त्याचा आवाज तेवढा वर येतो. आवाज बंद झाला की वरच्यांनी दोर ओढायचा. दुसऱ्या टोळ्यांत खालचा माणूस हो, हो करत राही किंवा शिव्या देत राही. आमच्यात रंगा गायचा. त्याचं स्वतःचं एक पद होतं, पेवासाठीच केलेलं:

खाली तूच देवा, वरही तूच

"वर आमी हाय, देव न्हाई," गणू दर वेळी म्हणायचा.

"तुमच्यावर भरवसा असता तर देवाला कशाला बोलावलं असतं?" हे त्यावरचं रंगाचं ठरलेलं उत्तर.

त्या दिवशीही तेच झालं. तो उतरला. पोती बांधायला दोर लागतो म्हणून त्यानं कमरेचा दोर सोडला. तसं सगळेच सोडायचे. आणि पेवातून त्याचा आवाज आला. मातीच्या पोटातून आलेला आवाज वेगळाच असतो, घागरीत बोलल्यासारखा, भरीव. आम्ही बायका अंगणात हळद पाखडत होतो, तिथंही तो आमच्या पायांखालून आल्यासारखा वाटायचा.

वरच्यांनी धृपद उचललं. आमची टोळी म्हणजे गावचं भजनी मंडळच. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान श्रीपती, मंडळात झांज वाजवायचे. त्यांनी दोराच्या लोखंडी आकड्यावर खिळ्यानं ठेका धरला. रंगानं एक चरण म्हटलं, वरच्यांनी धृपद घोळवलं. त्यानं दुसरं म्हटलं, वरचे आणखी चढले. दिवाणजींचीसुद्धा मान हलू लागली. ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न सोडून ऐकायला आला.

खाली तूच देवा, वरही तूच. खाली तूच देवा, वरही तूच.

मी सूप हलवत होते. ओठांवर तेच होतं. मग मला कुठंतरी खटकलं. धृपद फार वेळ चाललं होतं. गाणारा श्वास घेण्यापुरता थांबतो, तेवढ्यात मागचे धृपद म्हणतात, आणि मग तो पुढचं चरण उचलतो. रंगा कधी इतका वेळ घ्यायचा नाही.

मी हाक मारली, "अवं, पुढचं चरण का येईना?"

कुणी ऐकलं नाही. गाण्यात रंगली होती माणसं. मी सूप टाकलं, धावत गेले आणि मालकांचा हात धरून आकडा थांबवला. "पुढचं चरण का येईना?"

सगळे थांबले. पेवातून काहीच आवाज नव्हता.

"रंगा!" मालकांनी वाकून हाक मारली. ती हाक तशीच परत आली.

पुढचं फार पटकन झालं. मालकांनी पागोटं फेकलं, दोराचं एक टोक गणूच्या हातात दिलं आणि दुसरं धरून पेवाच्या तोंडात पाय सोडले. गणूनं दोर पकडला. मी मालकांचं तोंड बघितलं. त्यांना मी दिसत नव्हते. मी म्हटलं, आधी कंदील सोडा. ते म्हणाले, "सरक."

मी पुन्हा म्हटलं, "कंदील सोडा. ज्योत बसली हुती."

"माझा भाऊ हाय खाली. सरक म्हनतो ना."

त्यांचे खांदे अजून वर होते. मी दोन्ही हातांनी त्यांना मागं ओढलं, ते मातीवर आडवे पडले, त्यांच्या हातचं टोक सुटलं. आणि ते उठायच्या आत मी गणूच्या हातातून दोर हिसकला आणि सगळाच्या सगळा पेवात टाकून दिला.

दोर पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. खाली हळदच होती.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. तशी नजर मी त्याआधी बघितली नव्हती, पुढंही कधी बघितली नाही. त्यांनी हात उगारला, पण तो तसाच राहिला. कुणीतरी नदीकडे पळालं, नावेचा दोर आणायला. तोवर ते पेवाच्या काठावर गुडघ्यांवर बसून आत ओरडत होते आणि मी त्यांच्या कमरेला मागून घट्ट धरून बसले होते. त्यांनी मला झटकलं, दोनदा लाथ मारली. मी सोडलं नाही.

दोर आला. मी दुसरा कंदील पुढे केला. या वेळी कुणी मला नको म्हटलं नाही. कंदील तळाला टेकला आणि विझला, भक्कन, कुणी फुंकर मारावी तसा. सगळ्यांनी बघितलं. मग लिंबाच्या फांद्यांचा भारा बांधून तो खालीवर खालीवर केला, घागरींनी पाणी ओतलं, हवा हलवली. कंदील जळता राहिला तेव्हा गणू उतरला. रंगाला वर आणलं तेव्हा तो पिवळा धमक होता. डोळ्यांच्या पापण्यांवरही हळद होती.

फौजदार आला. दिवाणजींनी सांगितलं, कंदील जळत होता, सगळ्यांनी बघितलंय. सगळ्यांनी माना हलवल्या. खोटं नव्हतं ते. विझला नव्हताच. मी पुढे होऊन सांगितलं, की साहेब, मिणमिणत होता, अशा वेळी बसायचं असतं. फौजदारानं मालकांकडे बघितलं, घरच्या बाईला आवरा अशा नजरेनं. मालक जमिनीकडे बघत होते.

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. ताट समोर ठेवलं की जेवत. पाणी हवं असेल तर तांब्याकडे बघत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मात्र बोलायच्या. भाकरी थापता थापता, कुणी बसायला आलं की त्यांच्यासमोर, कुणी नसलं की चुलीला सांगत. "एक ल्येक दुसऱ्याला काढाया निघाला हुता, हिनं दोर टाकला." मी म्हणायची, "आत्याबाई, कंदील इझला की खाली." त्या म्हणायच्या, "तवा इझला. आधी इझला हुता का?" आधी विझला नव्हता. आधी बसला होता. पण आमच्या गावात तोवर बसण्याला काही अर्थच उरला नव्हता.

सगळ्या गावाला दोर लक्षात राहिला. कंदील कुणालाच राहिला नाही. पाणवठ्यावर मी गेले की बायकांचं बोलणं थांबे. हिनंच, असं कुजबुजत. मी सांगत राहिले, जो येईल त्याला, आधी रडत, मग चिडून, मग नुसतंच, दळण दळावं तसं. कुणी ऐकून घेई, शेवटी म्हणे, "पर दोर टाकाय नको हुता." माझं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटे. माणसं मरतात ती पेवानं मरतात का दोरानं? एक पडला की दुसरा उडी मारतो, दुसऱ्यामागं तिसरा, अशी गेलेली घरं मी माझ्या माहेरच्या गावात बघितली होती, विहिरीवर. पण ते सांगितलं की लोकांना भावाचं प्रेम आठवायचं.

आणि त्यात मालकांनी दिवाणजींना शब्द दिला. सप्ताह झाला की पुढचं पेव उघडायचं होतं. रंगाच्या जागी मी उतरतो, म्हणाले. रंगाचंच पद म्हणत उतरतो. हे मला गणूकडून कळलं, त्यांच्याकडून नाही.

सप्ताहाला नरहरबुवा आले. मिरजेकडचे, साठीचे, सावळे, अंगावर एक धोतर आणि उपरणं. त्यांच्यासारखं कीर्तन मी आयुष्यात दुसरं ऐकलं नाही. भूक, तहान, दुखणं, सगळं विसरायला लावणारा माणूस. मी सप्ताहाची वाट अशी बघितली, जशी माहेरवाशीण भावाची बघते. वाटलं, देवळात तरी माझ्या छातीवरचा धोंडा उतरेल.

पहिल्याच दिवशी आत्याबाईंनी बुवांना रंगाचं सांगितलं होतं. आणि बुवांनी ते कीर्तनात घेतलं. मायेनं घेतलं, खोटं कशाला बोलू. म्हणाले, काय भाग्याचा जीव! खाली तूच, वरही तूच म्हणता म्हणता गेला. नाम ओठांवर असताना ज्याचा श्वास सुटला, त्याच्यासाठी रडायचं की त्याचा हेवा करायचा? सगळं देऊळ हुंदके देत होतं. आत्याबाईंचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा झाला. आणि बुवांनी रंगाचंच पद उचललं, मागच्या टाळकऱ्यांनी धृपद घेतलं. मालक झांज वाजवत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

मी मात्र खांबाला टेकून बसले होते आणि माझी मूठ वळत होती. मला समोर दिसत होतं की मालक सप्ताह संपल्यावर हेच पद म्हणत खाली उतरणार, आणि वरचे हेच धृपद म्हणत राहणार, आणि आता त्याला देवळाची मोहोर लागलीय. मला देवाचा राग आला. मग राग आल्याचं भय वाटलं. मग दोन्ही जाऊन नुसतं थकायला झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची चरवी घेऊन मी बुवांच्या उतरायच्या ठिकाणी गेले. ते ओसरीवर बसून उपरण्याला टाका घालत होते. मी पाया पडले आणि तशीच बसून राहिले.

"काय बाई?" ते म्हणाले. "रंगाच्या वहिनी ना तुम्ही?"

"व्हय. दोर टाकला ती मीच."

त्यांनी सुई थांबवली. कुणीतरी त्यांना सांगितलेलं होतंच. ते काही चांगलं बोलणार होते, समजुतीचं. मी आधीच बोलले.

"बुवा, तुमी गाताना दम घ्यायला थांबता, तवा टाळकरी धृपद म्हणत्यात. तुमी परत उचललंच न्हाई, तर त्यास्नी कवा कळंल?"

त्यांना समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं, कंदील कसा बसला, कोण काय बोललं, धृपद किती चढलं, ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा कसा ऐकायला आला. "त्यो किती वेळ पडून हुता, ते कुनालाच ठावं न्हाई. वर नाम चाललं हुतं नव्हं का. नाम चाललं हुतं म्हणून त्येचा आवाज गेलेला कळला न्हाई. आता माझं मालक उतरनार हायत. तुमी काल त्येस्नी सांगितलंत, की असं मरन म्हंजी भाग्य."

बुवांनी सुई उपरण्यात खोवून ते बाजूला ठेवलं. मी उठून आले. दुधाची चरवी तिथंच राहिली. मला वाटलं, झालं, देवाच्या माणसालाही दुखावून बसले.

संध्याकाळी देऊळ भरलं होतं. बुवा उभे राहिले, पूर्वरंग झाला, रंगात आलं सगळं. मग त्यांनी पुन्हा रंगाचं पद घेतलं. उठून जावं असं वाटलं, पण मी खांबाला धरून बसून राहिले.

त्यांनी चरण म्हटलं. टाळकऱ्यांनी धृपद घेतलं. पुन्हा चरण, पुन्हा धृपद. लय चढत गेली, मृदंग बोलू लागला, बायका टाळ्या देऊ लागल्या, माणसं डोळे मिटून डोलू लागली. आणि त्यात मी एकटी बघत होते, म्हणून मला दिसलं. बुवांनी वीणा छातीशी धरली आणि हळूच मागं सरकून देवाच्या पायरीवर बसले. नंतर डोकं खांबाला टेकून डोळे मिटले.

धृपद चाललं होतं. खाली तूच देवा, वरही तूच. झांजा चालल्या होत्या. मालकांचे डोळे मिटलेले होते, मान मागं गेली होती. मी श्वास धरून बसले. बुवा हलत नव्हते. क्षणभर मला वाटलं, हे खरंच गेले की काय.

मृदंगवाल्याला आधी दिसलं. त्याचा हात चुकला. मग एकेक झांज थांबली. शेवटची थांबली ती मालकांची.

बुवांनी डोळे उघडले. उठले नाहीत, बसल्या बसल्याच विचारलं, अगदी साध्या आवाजात, "बाळांनो, मी कुठल्या चरणाला थांबलो?"

मग ते टाळकऱ्यांकडे वळले.

"टाळकरी, तुम्ही सांगा. माझ्या पाठीशीच होता तुम्ही."

टाळकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. कुणी म्हणालं तिसऱ्याला, कुणी म्हणालं चौथ्याला. गणूच्या हातातून टाळ खाली पडला, त्याचा आवाज सगळ्या देवळात झाला.

"काल मी बोललो ते चुकीचं बोललो," बुवा म्हणाले. "तो पोरगा नाम घेत गेला. बाकी सगळे नाम घेत राहिले. पेवाच्या तोंडाशी नाम मनात घ्यायचं. कान खाली ठेवायचा. तीच तिथली पूजा." मग ते उठले, वीणा सावरली आणि भैरवी घेतली. त्या दिवशी आख्यान झालंच नाही. काही लोक नाराज झाले. सप्ताहात कीर्तन अर्धं टाकणं बरं नव्हे, असं दुसऱ्या दिवशी चावडीवर बोललं गेलं.

घरी येताना मालक माझ्या पुढं चालत होते. दाराशी ते थांबले, वळले नाहीत.

"मी आकड्यावर ठेका धरला हुता," ते म्हणाले. "कुठल्या चरनाला थांबला त्यो, मला न्हाई सांगता येत."

इतक्या दिवसांनी ते माझ्याशी बोलले ते एवढंच. मी म्हटलं, "कुनालाच न्हाई येत." ते आत गेले.

सप्ताह झाल्यावर पेव उघडलं. मी बायकांत सूप घेऊन बसले होते, पण सुपात काय आहे ते मला दिसत नव्हतं. मालकांनी स्वतः कंदील उतरवला, तळापर्यंत. ज्योत निळी झाली, लहान झाली. विझली नाही.

"विझला नाही ना?" दिवाणजींनी विचारलं.

मालक पेवाच्या काठावर मांडी घालून बसले. "ज्योत बसलीया," ते म्हणाले. "मी बी बसतो."

दिवाणजी आधी चिडले, मग विनवू लागले. ट्रक उभा आहे, शेठ मला काढून टाकतील, असं ते रडकुंडीला येऊन म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मालक उठले नाहीत. दुपारी दिवाणजींनी दुसरी टोळी बोलावली. ते लोक उतरले आणि सुखरूप वर आले. आमच्या टोळीला त्या हंगामात पुन्हा काम मिळालं नाही. गाव हसलं. बघा, काही झालं नाही, उगीच भ्याला, बायकोचं ऐकून. पुढं दोन हंगामांनी त्याच दुसऱ्या टोळीतली बापलेक अशी दोन माणसं एका पेवात गेली. आधी मुलगा, मग त्याला काढायला बाप. तेव्हा लोक बापाच्या मायेबद्दल बोलले. कंदिलाचं पुन्हा कुणी विचारलं नाही.

आता पेवं राहिली नाहीत. पुराच्या पाण्यानं बरीच बसली, उरलेली बुजवली. हळद गोदामात असते. आत्याबाई गेल्या, बुवा गेले. नव्या सुना गावात आल्या की अजून कुणीतरी त्यांना मला दाखवून सांगतं, हिनं दोर टाकला होता. मी पूर्वी थांबून कंदिलाचं सांगायची. आता पुढं जाते. दोराबद्दल मालकही आजवर एक शब्द बोलले नाहीत, बरा की वाईट.

पण सप्ताहाला आम्ही दोघं जातो. ते टाळकऱ्यांत बसतात, हात कापतात तरी झांज धरतात. नवे बुवा गात असतात. चरण संपतं, बुवा दम घ्यायला थांबतात, सगळं देऊळ धृपद उचलतं. तेव्हा एवढ्या झांजांत एक झांज थांबते. मालक मान वर करून बुवांच्या तोंडाकडे बघत असतात. मी खांबाशी बसून त्यांच्याकडे बघत असते.

बुवा पुढचं चरण उचलतात. मग ती झांज वाजते.